दोन कनेक्शने, एकच खांब

फोंड्यात वरच्या बाजाराजवळ पहिल्या मजल्यावर माझे कर सल्लागाराचे कार्यालय आहे. माझ्यासह अकरा माणसे काम करतात. कुंडई, बेतोडा आणि मडकई या औद्योगिक वसाहतींतील लहान कारखाने, काही हॉटेले, काजूचे दोन-तीन व्यापारी आणि बाजारातले बरेच दुकानदार असा आमचा ग्राहकवर्ग आहे. दर महिन्याची २० तारीख आमच्याकडे कशी असते, हे या व्यवसायातल्या कोणालाही सांगावे लागणार नाही, कारण मासिक विवरणपत्र भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-३बीची ती शेवटची तारीख असते आणि निम्मे ग्राहक आपले आकडे १९ तारखेच्या संध्याकाळी पाठवतात.

दोन वर्षांपूर्वीच्या जुलै महिन्यात, नेमक्या २० तारखेला सकाळी साडेअकराच्या सुमारास, आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या गुलमोहराची एक जाड फांदी पावसाने भिजून, वजन न पेलून खाली आली. आवाज आम्ही ऐकला, पण त्याचा आपल्याशी काही संबंध असेल असे कोणाला वाटले नाही. मिनिटाभराने नेट गेल्याची ओरड झाली. मी मात्र निश्चिंत होते, कारण असा प्रसंग येणारच हे धरून आठ महिन्यांपूर्वी दुसऱ्या कंपनीचे दुसरे कनेक्शन घेऊन ठेवले होते. आतल्या खोलीत जाऊन पाहिले, तर भिंतीवरच्या दोन्ही डब्यांवर लाल दिवा लागलेला होता.

त्या दिवशी पाच मुली आपापले मोबाइल खिडकीच्या कठड्यावर ठेवून हॉटस्पॉटवर काम करत होत्या आणि दर अर्ध्या तासाने कोणाचा तरी डेटा संपत होता. पोर्टलवर त्या तारखेला तशीही गर्दी असते. त्यात सिग्नल एकदा गेला की लॉगिन, ओटीपी, डिजिटल सही हे सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. रात्री साडेनऊपर्यंत बसूनही दोन ग्राहक राहिलेच. दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर वार्षिक १८ टक्के दराने व्याज अशी रक्कम झाली, ती आम्ही आमच्या खिशातून भरली. रक्कम मोठी नव्हती; पण त्यांतल्या बेतोड्याच्या कारखानदाराला फोन करून कारण सांगताना मला जे वाटले, ते शुल्कापेक्षा महाग पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाइनमन आला, शिडी लावून वर चढला आणि खाली उतरून त्याने अगदी सहज सांगितले, "मॅडम, दोनूय लायनी एकाच खांब्यार आसात." दोन कंपन्या, दोन बिले, दोन डबे आणि खांब मात्र एक. ज्या आकड्यांवरून मी ही कनेक्शने निवडली होती, त्यांपैकी एकाही आकड्यात तो खांब नव्हता.

त्यानंतरच्या वर्षभरात मी हा विषय नेटाने समजून घेतला. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे आहे, तेव्हा पुढचे लिखाण अभियंत्याचे नाही, बिल भरणाऱ्या माणसाचे आहे, हे लक्षात ठेवून वाचावे.

सुरुवात आपल्या गरजेपासून करायला हवी होती आणि तीच मी केली नव्हती. माझी योजना ३०० एमबीपीएसची, म्हणजे सेकंदाला ३०० मेगाबिट वेगाची होती, म्हणून मला ती चांगली वाटत होती. नंतर राउटरमधला वापराचा आलेख दोन आठवडे रोज पाहिला, तेव्हा कार्यालयीन वेळेत आमचा वापर ४० एमबीपीएसच्या वर एकदाही गेलेला दिसला नाही. कराची पोर्टले, बँकेची संकेतस्थळे आणि ईमेल या गोष्टींना वेग फारसा लागत नाही; त्यांना अखंडपणा लागतो. येथे एक जुना घोळही स्पष्ट करते. कंपन्या वेग मेगाबिटमध्ये सांगतात, आपल्या फाइली मात्र मेगाबाइटमध्ये मोजल्या जातात आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. त्यामुळे १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट. आमच्या एका कर्मचाऱ्याने "शंभरचे कनेक्शन आहे आणि बारानेच उतरते" अशी तक्रार कंपनीकडे केली होती आणि बिचाऱ्या कंपनीची त्यात काहीही चूक नव्हती.

खरी अडचण होती ती अपलोडची, म्हणजे आपल्याकडून बाहेर जाणाऱ्या माहितीच्या वेगाची. जाहिरातीत मोठ्या अक्षरात छापलेला आकडा अनेकदा डाउनलोडचाच असतो. आमच्याकडे रोज संध्याकाळी हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा सुमारे २ जीबीचा बॅकअप बाहेरच्या सर्व्हरवर जातो. १० एमबीपीएसच्या अपलोडवर त्याला जवळजवळ २७ मिनिटे लागतात, १०० एमबीपीएसवर पावणेतीन मिनिटांच्या आत तो संपतो. बॅकअप चालू असताना कोणी व्हिडिओ कॉलवर असेल तर त्याचा आवाज तुटतो, तो याच कारणाने. ज्यांच्याकडे छपाई, छायाचित्रण, स्थापत्य आराखडे किंवा सीसीटीव्ही अशी कामे आहेत, त्यांनी योजना विचारताना "वर जाण्याचा वेग किती" हा प्रश्न आधी विचारावा. आणि "अमर्याद" या शब्दाखाली बारीक अक्षरात काय लिहिले आहे तेही पाहावे. अनेक योजनांत महिन्याला ३,३०० जीबीची मर्यादा असते आणि ती ओलांडली की वेग एकदम खाली येतो. आम्ही तिच्या जवळपासही जात नाही, पण चाळीस खोल्यांच्या हॉटेलचे गणित वेगळे आहे.

साधे फायबर, म्हणजे काचतंतूची जोडणी, आणि लीज्ड लाइन, म्हणजे एकट्या ग्राहकासाठी राखलेली जोडणी, यांतला फरक मला बराच काळ केवळ किमतीचा वाटत होता. आपल्या घरांत आणि लहान कार्यालयांत येणारे फायबर बहुतेक ठिकाणी जीपॉन नावाच्या पद्धतीचे असते. कंपनीच्या केंद्रातून एक काचतंतू निघतो, वाटेत एका लहान डब्यात वीज न लागणाऱ्या जोडणीतून त्यातला प्रकाश ३२ किंवा ६४ ग्राहकांत वाटला जातो आणि या सगळ्यांना मिळून खाली येण्यासाठी सुमारे अडीच गीगाबिट, तर वर जाण्यासाठी सव्वा गीगाबिट इतकी क्षमता असते. ३२ ग्राहकांनी एकाच क्षणी पूर्ण वापर केला, तर प्रत्येकाच्या वाट्याला खाली येण्याचे ७८ आणि वर जाण्याचे ३९ एमबीपीएस येतील. तसे कधी होत नाही, म्हणूनच ३०० एमबीपीएसची योजना विकता येते आणि त्यात फसवणूकही नाही. मात्र त्या डब्यापलीकडे कंपनीने स्वतः बाहेरची बँडविड्थ, म्हणजे बाकीच्या इंटरनेटशी जोडणारी क्षमता, किती घेतली आहे, हे ग्राहकाला दिसत नाही. ती अपुरी असेल तर रात्री आठनंतर, घराघरांत मालिका आणि सामने सुरू झाले की, वेग कोसळतो. आमचे कार्यालय सहाला बंद होते, त्यामुळे हा त्रास आम्हाला नाही. कळंगुटच्या एखाद्या उपाहारगृहाला मात्र तीच वेळ धंद्याची असते. म्हणून वेगाची चाचणी आपल्या धंद्याच्या वेळेत, आपल्या शेजाऱ्याच्या त्याच कंपनीच्या जोडणीवर घ्यावी, असे मी सर्वांना सांगते.

लीज्ड लाइनमध्ये ही वाटणी नसते. घेतलेली बँडविड्थ आपली एकट्याची असते, वर-खाली वेग सारखाच असतो, स्थिर आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता मिळतो आणि सेवेच्या हमीचा करार होतो. मी दरपत्रक मागवले, तेव्हा ५० एमबीपीएसच्या लीज्ड लाइनचा आकडा माझ्या ३०० एमबीपीएसच्या मासिक बिलाच्या सुमारे दहापट होता. तो करार मी कर आकारणी आदेश वाचावा तसा वाचला. ९९.९ टक्के उपलब्धतेची हमी म्हणजे महिन्याला ४३ मिनिटे बंद राहण्याची मुभा आणि ९९ टक्के म्हणजे सात तास बारा मिनिटे. ऐकताना दोन्ही आकडे सारखेच भारदस्त वाटतात. शिवाय ही हमी मोडल्यास कंपनी काय देते, तर बिलात सूट देते. २० तारखेचे सात तास गेले तर ते बिलातल्या सवलतीने भरून येत नाहीत. ज्यांचे सर्व्हर स्वतःच्या जागेत आहेत किंवा ज्यांचे कॉल सेंटर आहे, त्यांनी लीज्ड लाइन जरूर घ्यावी. अकरा माणसांच्या कार्यालयाने त्याच पैशांत वेगवेगळ्या वाटांनी येणारी दोन साधी कनेक्शने घ्यावीत आणि उरलेले पैसे चांगल्या राउटरवर व यूपीएसवर खर्च करावेत, असे माझे मत बनले आहे.

"वेगवेगळ्या वाटांनी" हे म्हणणे सोपे आहे. ती वाट शोधायला मी एका रविवारी छत्री घेऊन निघाले. आमच्या इमारतीच्या गच्चीखालून निघालेल्या दोन काळ्या तारा कोपऱ्यावरच्या खांबापर्यंत जातात. त्या खांबावर विजेच्या तारांखाली केबलींची इतकी वेटोळी लटकत होती की त्यांत आपली कोणती हे ओळखणे अशक्य होते. त्यांतली निम्मी तर कधीच बंद पडलेल्या कनेक्शनांची असावीत. पुढे पाच-सहा खांब ओलांडून मी एका दुकानाच्या छपराखाली बसवलेल्या पत्र्याच्या पेटीपाशी पोचले. दार बिजागरीवर अर्धे लोंबत होते, आत मुंग्यांनी घर केले होते आणि एका जोडणीवर चिकटपट्टीऐवजी प्लास्टिकची पिशवी गुंडाळलेली होती. दुकानदाराने मला विचारले की मी केबलवाल्यांची माणूस आहे का. असल्यास त्यांच्या पेटीचे वीजबिल कोण भरणार ते सांगावे. त्या प्रश्नामुळे मला आणखी एक गोष्ट कळली.

स्थानिक कंपन्यांच्या जुन्या जोडण्यांत वाटेत जागोजाग सिग्नल पुढे पाठवणारे लहान स्विच आणि कन्व्हर्टर बसवलेले असतात आणि त्यांना वीज लागते. आमच्याकडे वीज गेली की इन्व्हर्टर चालू होई, राउटरचे दिवे लागलेले असत, पण वीस मिनिटांनी नेट जाई. याचे कोडे मला कितीतरी दिवस उलगडले नव्हते. त्या दुकानाच्या छपराखालच्या पेटीतली बॅटरी वीस मिनिटेच टिकत होती, इतकेच त्याचे उत्तर होते. जीपॉन पद्धतीत कंपनीचे केंद्र आणि आपला डबा यांच्यामध्ये वीज लागणारे काहीच नसते, प्रकाश वाटणारी जोडणी बिनविजेची असते. म्हणून कनेक्शन घेताना "वाटेत कुठे वीज लागते का, आणि तुमच्या केंद्रात जनरेटर आहे का" असे स्पष्ट विचारावे. गोव्यात पावसाळ्याचे चार महिने ज्याने काढले आहेत, त्याला या प्रश्नाचे महत्त्व सांगायला नको. वर्षाला सुमारे ३,००० मिलीमीटर पाऊस पडणाऱ्या या राज्यात झाड पडणे आणि वीज जाणे ही नेहमीचीच गोष्ट आहे. मे २०२१ मधल्या तौक्ते वादळात तर खांब आडवे होऊन कित्येक गावे दिवसेंदिवस अंधारात होती, आणि खांबच आडवा झाल्यावर त्यावरच्या केबलीचे काय होणार?

मग केबल जमिनीखालून आलेली बरी, असे वाटणे साहजिक आहे. बऱ्याच अंशी ते खरेही आहे. पण आपल्याकडे रस्ता एकदा गटारासाठी, एकदा जलवाहिनीसाठी आणि एकदा भूमिगत वीजवाहिनीसाठी खोदला जातो आणि जेसीबीच्या दातांना काचतंतू दिसत नाही. वरून जाणारी केबल तुटली तर कुठे तुटली ते डोळ्यांना दिसते आणि चार तासांत जोडली जाते. जमिनीखालची तुटली तर जागा शोधण्यात दिवस जातो. शिवाय खांब वीज खात्याचे आणि केबली खासगी कंपन्यांच्या असल्यामुळे परवानगीचा आणि शुल्काचा वाद राज्यात उच्च न्यायालयापर्यंत जाऊन आला आहे. खात्याची माणसे विनापरवाना केबली कापू लागली, तर त्यात आपले कनेक्शनही जाऊ शकते. आपल्या कंपनीने खांबांचे शुल्क भरले आहे का, हा प्रश्न मी आता विचारते. विक्री प्रतिनिधी तो ऐकून गोंधळतात, तरीही विचारते. झाड, खांब आणि जेसीबी यांच्याखेरीज चौथा शत्रू म्हणजे खार. आमच्याकडे तिला चानी म्हणतात. केबलीचे आवरण कुरतडण्यात तिला काय गोडी वाटते कोण जाणे, पण आमच्या दोन बिघाडांच्या नोंदीत कारण म्हणून तिचेच नाव आहे.

फांदीच्या त्या प्रसंगानंतर जोडणी झाली, दिवा हिरवा झाला आणि सगळे सुरळीत असल्याचे सांगून लाइनमन गेला. तरीही पाऊस जोराचा आला की नेट मधूनमधून जाऊ लागले. तिसऱ्या तक्रारीला आलेला तंत्रज्ञ वेगळा होता. त्याने डब्याची तार काढून आपल्या हातातल्या, येणारा प्रकाश मोजणाऱ्या पॉवर मीटरला लावली आणि आकडा मला दाखवला. उणे २५. कनेक्शन बसवले तेव्हाच्या कागदावर उणे १९ लिहिलेले होते. या मोजमापात दर तीन आकड्यांना प्रकाश निम्मा होतो, म्हणजे आमच्यापर्यंत येणारा प्रकाश एक चतुर्थांशच उरला होता. उणे २७ च्या खाली गेले की आमच्यासारखे डबे सिग्नल ओळखेनासे होतात. घाईत केलेल्या जोडणीपाशी तंतू बोटभर जागेत वाकवून पेटीत कोंबला होता. त्याने तो कापून पुन्हा जोडला, मोठे वेटोळे करून ठेवला आणि आकडा उणे २० वर आला. तेव्हापासून डब्याच्या सेटिंगमध्ये दिसणारा हा आकडा मी दर महिन्याला वहीत लिहून ठेवते. तो दोन-तीनने घसरला की लाल दिवा लागण्याची वाट न पाहता फोन करते.

फोन कोणाला करायचा, यावर निवडीचा निम्मा भाग अवलंबून आहे, असे मला वाटते. दूरसंचार विभागाच्या परवान्यांत इंटरनेट कंपन्यांचे तीन वर्ग आहेत: अ वर्गाला देशभर सेवा देता येते, ब वर्गाला एका दूरसंचार परिमंडळात आणि क वर्गाला त्याहून लहान क्षेत्रात. गोवा महाराष्ट्राच्या परिमंडळात मोडतो. देशभराच्या कंपनीला फोन लावला की कुठल्या तरी दूरच्या शहरातला तरुण अतिशय नम्रपणे "आपल्याजवळची ठळक खूण" विचारतो आणि फोंड्यातले तिस्क कुठे आहे हे त्याला समजावण्यात पाच मिनिटे जातात. स्थानिक कंपनीचा मालक रात्री दहाला स्वतः फोन उचलतो, पण त्याचा एकमेव कुशल जोडारी चतुर्थीला गावी गेला की तुटलेली तार पाच दिवस तुटलेलीच राहते. मोठ्या कंपनीची बाहेरची बँडविड्थ भक्कम असते, तर स्थानिकाची शिडी जवळ असते. म्हणून पहिले कनेक्शन एका प्रकारच्या कंपनीचे आणि दुसरे दुसऱ्या प्रकारच्या कंपनीचे घ्यावे. त्यातही स्थानिक कंपनी बाहेरची बँडविड्थ त्या मोठ्या कंपनीकडूनच घेत नाही ना, हे विचारून घ्यावे. तसे असेल तर वरचा झरा आटला की दोन्ही नळ कोरडे.

खांब वेगळा हवा म्हणून मी दुसरी फायबर जोडणी सोडून बिनतारी पर्याय घेतला. २०२३ मध्ये एअरटेल आणि जिओ या दोन्ही कंपन्यांनी फाइव्ह-जीवर चालणारे एअरफायबर बाजारात आणले. गच्चीवर किंवा भिंतीवर एक डबा बसतो आणि टॉवरकडून थेट सिग्नल घेतो. शेवटच्या टप्प्यात तार नाही, हा त्याचा मोठा गुण आहे. आमच्या इमारतीच्या भिंती जुन्या चिऱ्याच्या आणि दीड फूट जाडीच्या आहेत. आत ठेवलेल्या मोबाइलला जेथे एक कांडी दिसते, तेथे बाहेरच्या डब्याला पूर्ण सिग्नल मिळतो. पाऊस या लहरींना फारसा अडवत नाही, टॉवरची वीज मात्र जाऊ शकते. टॉवरपर्यंत जाणारे फायबर आपल्याच रस्त्यावरून जाते की काय, हे मी दोन वेळा विचारले. नेमके उत्तर कोणी दिले नाही, म्हणून पहिल्या कंपनीहून वेगळ्या कंपनीचा टॉवर निवडला. वेग दिवसभरात कमीजास्त होतो, संध्याकाळी अधिकच. पण हे आमचे राखीव कनेक्शन आहे आणि त्याला धावण्याची स्पर्धा जिंकायची नाही.

एक गोष्ट मात्र आधी कळायला हवी होती. आमचे दोन कर्मचारी ग्राहकाच्या जागेवरून कार्यालयातल्या संगणकात शिरून काम करतात. मुख्य फायबरवर हे चालत होते, नव्या जोडणीवर चालेना. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते अपुरे पडू लागल्यामुळे कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात. राउटरला मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ या आकड्यांनी सुरू होत असेल, तर आपण त्या गर्दीत आहोत असे समजावे. अशा जोडणीत बाहेरून आत येण्याची वाट उघडता येत नाही. सीसीटीव्हीचे रेकॉर्डर आणि दूरस्थ हिशोब येथेच अडतात. स्थिर आयपी पत्ता जादा पैसे देऊन मिळतो, पण प्रत्येक योजनेवर मिळत नाही. आम्ही तो फायबरवर घेतला आणि राखीव जोडणीवर त्या दोघांसाठी वेगळ्या सॉफ्टवेअरची सोय केली.

कार्यालयाच्या आतल्या व्यवस्थेविषयी थोडेच सांगते. आमच्या ३०० एमबीपीएसपैकी ९४ च्या वर कधी येत नव्हते आणि कंपनीशी महिनाभर भांडल्यावर दोष कार्यालयातले संगणक जोडणाऱ्या आमच्याच दहा वर्षे जुन्या स्विचचा निघाला, कारण तो १०० च्या पुढे जातच नव्हता. कंपनीच्या ज्या मुलाशी भांडले होते, त्याची मी माफी मागितली. चिऱ्याच्या भिंतींतून वाय-फाय जाईल अशी आशा सोडून प्रत्येक टेबलापर्यंत तार ओढून घेतली. गच्चीवरून खाली येणाऱ्या तांब्याच्या तारेला वीज पडण्यापासून संरक्षण देणारे उपकरण लावले. मे आणि ऑक्टोबरमधल्या गडगडाटात शेजारच्या दुकानातले दोन संगणक त्याच मार्गाने गेले होते. काचतंतूतून वीज वाहत नाही, पण त्याच्या पुढची तार तांब्याची असते.

दोन जोडण्यांमध्ये आपोआप बदल करणारा राउटर घेतला, त्यालाही शिकवावे लागले. दोन्ही एकदम चालवून वेग वाटून घेण्याची सोय आकर्षक वाटते, पण अर्धी विनंती एका पत्त्यावरून आणि अर्धी दुसऱ्यावरून गेल्यामुळे बँकेची संकेतस्थळे मधेच बाहेर काढू लागली. आता एक चालू आणि दुसरे राखीव अशीच मांडणी आहे. राउटर केवळ तारेचा दिवा पाहून समाधान मानत नाही, तर दर काही सेकंदांनी बाहेरच्या एका पत्त्याला हाक मारून पाहतो, कारण दिवा हिरवा असतानाही पुढचे सगळे बंद असू शकते. महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी मी स्वतः फायबरची तार उपटते. पहिल्यांदा तसे केले तेव्हा आतल्या खोलीतून मोठी आरडाओरड झाली. हल्ली कोणी मान वर करत नाही.

कागदपत्रांच्या बाबतीत व्यवसायबंधूंना एकच सांगणे. कनेक्शन व्यवसायाच्या नावावर घ्यावे आणि बिलावर आपला जीएसटी क्रमांक घालून घ्यावा. १८ टक्के कराचे क्रेडिट सोडून देणारे कारखानदार मी दर वर्षी पाहते. बिघाडाची तक्रार दिली की डॉकेट क्रमांक, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक, मागून घ्यावा, कारण कंपनीतल्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जाण्याची तरतूद दूरसंचार ग्राहकांच्या तक्रारींबाबतच्या २०१२ च्या नियमांत आहे आणि त्या क्रमांकाशिवाय तेथे कोणी विचारत नाही.

फायबर आणि बिनतारी जोडणी असे दोन मार्ग आता रस्त्यावर वेगळे झाले असले, तरी इमारतीत ते पुन्हा एकत्र येतात. गच्चीवरून उतरणारी तार आणि खालून चढणारे फायबर जिन्याशेजारच्या एकाच नळीतून आमच्या दारापर्यंत येतात. त्याच नळीत पाण्याचा एक जुना पाइप आहे आणि तो गेल्या पावसाळ्यापासून पाझरतो. दुसऱ्या बाजूने नवी नळी बसवण्याचा अर्ज मी इमारतीच्या समितीला दिला आहे. गेल्या सभेत तो विषय सहाव्या क्रमांकावर होता आणि सभा चौथ्या विषयावर, गच्चीच्या चावीवर, संपली.